मदत हवी आहे : सोफ्याच्या आर्ममधला टी-नट फिरतोय, बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो

तीन माणसांचा सोफा आहे. दोन्ही आर्म आणि पाठ सुटी, दारातून नेऊन आत जोडायची अशी रचना. कापड चढवून झालंय. प्रत्येक आर्मला तीन एम८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट आहेत, लांबी ६० मिमी. बोल्ट सीटच्या चौकटीच्या आतून येतो, चौकटीची बाजूपट्टी (२५ मिमी लाकूड) पार करून आर्मच्या आतल्या बाजूच्या १८ मिमी प्लायमध्ये जातो. तिथे चार दातांचा टी-नट (आतून आटे असलेली नळी, तिच्या एका टोकाला दातांची चकती) ठोकलेला आहे. बोल्टाच्या डोक्याखाली एक साधा वॉशर आहे.

अडचणी तीन :

१. डाव्या आर्मचा पुढचा बोल्ट सरळ आत गेला, मग अचानक जड झाला. इम्पॅक्ट ड्रायव्हरने (धक्के देत स्क्रू-बोल्ट फिरवणारं यंत्र) जोर दिला तर फटकन सैल झाला आणि आता बोल्टाबरोबर नटही फिरतो. उलटा फिरवला तरी तेच.
२. बाकीचे दोन बोल्ट पक्के आवळलेत, तरी आर्म वरून ढकलला की ३-४ मिमी हलतो.
३. उजव्या आर्मचं मागचं भोक सीटच्या भोकासमोर येत नाही. २-३ मिमीचा फरक आहे.

कापड न खोलता काही करता येईल का?

प्रतिसाद १

आधी कारण शोधा, मग नट काढा. टी-नट आपणहून फिरत नाही. बोल्ट आत कुठेतरी अडतो, आवळण्याचा सगळा जोर दातांवर येतो, दात प्लायचे थर गोल खरवडतात आणि मग पकड उरत नाही. नुसता नवीन नट बसवलात तर तोही असाच जाईल.

अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आटे न जुळणं. ५/१६ इंची बोल्ट आणि एम८ बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. एकाचा व्यास ७.९४ मिमी, दुसऱ्याचा ८. पण एम८ च्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, ५/१६ च्या जाड आट्यांचं १.४१. दोन-तीन फेरे जातात आणि मग बोल्ट घट्ट रुततो. दोन बोल्ट एकमेकांना आडवे लावून आटे आट्यांत बसवून पाहा. मध्ये फट दिसली तर बोल्टांची जात वेगळी आहे.

धागाकर्ता

सगळे बोल्ट एकाच डब्यातले आहेत, आटे तंतोतंत बसतात. हाच बोल्ट दुसऱ्या भोकात हाताने आत जातो. आणि जड झाला तो दोन-तीन फेऱ्यांनंतर नाही, बराच आत गेल्यावर. आत्ता त्याचं डोकं पट्टीपासून साधारण १० मिमी बाहेर आहे.

प्रतिसाद २

त्या १० मिमीतच उत्तर आहे. हिशेब मांडा : पट्टी २५, वॉशर २, मधल्या दोन्ही बाजूंच्या कापडाचे मिळून ३, प्लाय १८. एकूण ४८. म्हणजे ६० चा बोल्ट पूर्ण बसला की टोक नटाच्या पलीकडे आर्मच्या पोकळीत १२ मिमी निघणार. आर्मच्या पुढच्या बाजूला बहुतेक रचनांमध्ये उभा ठोकळा असतो, पुढची फळी त्यावर ठोकलेली असते. तुमचा बोल्ट त्या ठोकळ्यावर टेकलाय. डोकं पट्टीला लागलंच नाही, त्यामुळे जोड आवळला गेला नाही, पण ड्रायव्हर मात्र फिरत राहिला.

इथे ५० चा बोल्ट हवा होता. नटाची नळी १२ मिमीची धरली तर ४५ चा बोल्ट नळीत ९ मिमी शिरतो. आटे निदान बोल्टाच्या व्यासाइतके, म्हणजे ८ मिमी तरी पकडायला हवेत, त्यामुळे ४५ अगदी काठावर चालतो. ५० बिनघोर. ६० मुळीच नको. तो ठोकळ्यावर नाही अडला तर बाहेरच्या कापडाला आतून टोचत राहतो आणि तिथे पुढे भोक पडतं.

एक गोष्ट नक्की सांगा : नटाची चकती प्लायच्या कोणत्या अंगाला आहे? पोकळीच्या बाजूला हवी, म्हणजे बोल्ट आवळला की दात आणखी रुततात. सीटच्या बाजूला ठोकली असेल तर प्रत्येक फेऱ्याला नट लाकडातून बाहेर ओढला जातो. ही चूक वरून दिसत नाही, आणि आर्मला धरून सोफा उचलला की त्याच क्षणी नट निसटतो.

धागाकर्ता

पोकळीच्या बाजूलाच आहे, कापड चढवण्याआधीचा फोटो आहे. आणि हो, पुढे उभा ठोकळा दिसतोय, नटाच्या अगदी पाठीशी.

प्रतिसाद २

मग बोल्ट काढायचा पहिला प्रयत्न असा. बोल्टाच्या डोक्यामागे चपटी पाचर किंवा पटाशीचं टोक घाला आणि डोकं आपल्याकडे ओढून धरा. नट प्लायवर दाबला जाईल. तो ताण ठेवून हातपान्याने (षटकोनी डोकं असेल तर १३ चा पाना) सावकाश उलटा फिरवा. दात थोडे जरी धरत असतील तरी सुटतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवा, आत्ताही आणि जोडतानाही.

नाही सुटला तर कापा. बाकीचे दोन बोल्ट काढा. अडकलेल्याचं डोकं १० मिमी बाहेर असल्याने आर्म तेवढाच बाजूला सरकतो आणि आर्म व सीट यांच्यामध्ये फट मिळते. हॅक्सॉचं सुटं पातं तिथून जातं. दोन्ही बाजूंच्या कापडावर पातळ पत्र्याचा तुकडा ठेवा, पत्र्याच्या कडा टेपने झाका. बोल्ट तापतो, आणि रेक्झिन असेल तर गरम लोखंडाचा डाग लगेच उमटतो, म्हणून थांबून थांबून कापा.

कापड न खोलता काम होईल का, याचं उत्तर : बोल्ट निघेल, नवीन नट बसणार नाही. आर्मचं बाहेरचं कापड खोलावंच लागेल. पण सगळं नाही. खालच्या कडेच्या आणि मागच्या उभ्या कडेच्या स्टेपल पिना काढल्या की कापड वर उलटतं. वरच्या कडेला आत पुठ्ठ्याची पट्टी असते, तिला हात लावू नका. ती सुटली तर वरची रेघ पुन्हा सरळ येणं कठीण. पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या उचलायच्या आणि पक्कडीने सरळ ओढायच्या. तिरक्या ओढल्या की एक पाय आत तुटतो आणि कापड परत लावताना तो बोटाला लागतो.

जुनं भोक सोडून द्या. ठोकळ्यापासून ४०-५० मिमी मोकळी जागा बघून नवीन भोक घ्या. जुन्या भोकात लाकडी गुल्ली डिंक लावून ठोका.

प्रतिसाद ३

नवीन नट दातांचा न घेता स्क्रूचा घ्या. चकतीला तीन भोकं असतात, तीन छोटे स्क्रू मारले की फिरायचा प्रश्नच संपतो. स्क्रू १८ च्या प्लायला १५ मिमीपेक्षा लांब नकोत. दातांचाच वापरणार असाल तर हातोडीने ठोकू नका, नळीचं तोंड चेपतं आणि पहिलाच आटा बिघडतो. मोठ्या वॉशरसह बोल्ट उलट्या बाजूने घालून पान्याने ओढून बसवा. भोकाचा बिट अंदाजाने घेऊ नका, नळीचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. एम८ ला बहुधा १० मिमी लागतो. ढिल्या भोकात नट तिरका बसतो, मग बोल्ट तिरका जातो आणि पुन्हा तेच रडगाणं.

पार्टिकल बोर्ड असेल तर दात घालूच नका, बोर्डाचे कण सुटतात.

आणि कापडातून ड्रिल घालू नका. धागा बिटला गुंडाळला की अर्ध्या सेकंदात वीतभर कापड ओढलं जातं, खालचं वॅडिंगही (कापडाखालचा मऊ कापसासारखा थर) वेटोळं होऊन वर येतं. आधी आरीने (टोकदार टोच्याने) जागा टोचा, ब्लेडने छोटी फुली द्या, चार कोपरे मागे दुमडून पिना मारा, मग भोक.

प्रतिसाद १

बोल्टांच्या बाबतीत माझा अंदाज चुकला, लांबीचं कारण पटलं. दुसऱ्या अडचणीवर बोलतो. आर्म आणि सीट जिथे टेकतात तिथे दोन्ही अंगांना वॅडिंग गुंडाळलंय का? असेल तर आर्म हलणारच. बोल्ट लाकडाला लाकूड आवळत नाही, मऊ थर दाबतो. आज पक्का वाटतो, थर बसला की ढिला. जोडाच्या जागी फक्त कापड ठेवा, फोम-वॅडिंग कडेपासून ३०-४० मिमी मागे कापून घ्या. पिनाही भोकाजवळ नकोत, उठून राहिलेली एक पिन जोडाला टेकू देत नाही.

साध्या वॉशरऐवजी २४ मिमी बाहेरच्या व्यासाचा मोठा वॉशर लावा, त्यावर स्प्रिंग वॉशर. साधा एम८ वॉशर १६ मिमीचा असतो आणि मऊ लाकडात रुततो, म्हणजे पुन्हा ढिलाई. २ मिमी जाडीचा वाढीव वॉशर हिशेबात धरा, ५० चा बोल्ट तरी पुरतो.

तिसरी अडचण सर्वात सोपी. नट हलवू नका. सीटच्या पट्टीतलं भोक १४ मिमी करा, मोठा वॉशर ते झाकतो. तीनही बोल्ट आधी बोटांनी चार-पाच फेरे बसवायचे, सोफा सपाट जमिनीवर उभा करायचा, मग मधला, मग पुढचा, मग मागचा असे थोडे थोडे आवळायचे. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर समोरासमोर असलेली भोकंही चुकतात.

धागाकर्ता

फुरसतीने करून पाहिलं. ओढून धरून बोल्ट निघाला नाही, पात्याने कापला. बाहेरचं कापड खोललं तर बोल्टाचं टोक ठोकळ्यात ४ मिमी रुतलेलं. स्क्रूचा नट नवीन जागी बसवलाय. जोडावर दोन्ही बाजूंना वॅडिंग होतंच, कापून काढलं. आर्म आता हलत नाही.

उजव्या आर्ममध्येही पुढे तसाच ठोकळा असणार. तिथला बोल्ट पूर्ण बसलाय, डोकं पट्टीला टेकलंय. तो बदलायचा का?

प्रतिसाद २

बदला. बोल्ट काढून भोकातून जाड तार घाला आणि ती कुठे अडते ते मोजा. सीटच्या पट्टीच्या आतल्या अंगापासून ५८ च्या आत (६० मधून वॉशरचे २ वजा) अडली तर तिथला बोल्टही ठोकळ्यावर दाबलेला आहे, आणि डोकं टेकलं ते ठोकळा किंवा पुढची फळी किंचित सरकल्यामुळे. आर्मच्या पुढच्या फळीची उभी कड डाव्या आर्मशी ताडून पाहा. फट दिसली तर ५० चा बोल्ट घालण्याआधी ठोकळा परत जागेवर दाबून दोन स्क्रू मारा.