हुए ते दा नांग मात्र रेल्वेनेच
व्हिएतनाममध्ये हनोई ते सायगाव हा सगळा किनारा फिरायला निघालेल्या मुलांनी स्लीपर बसनेच करावा, स्वस्त पडतो, असा सल्ला काही जण देतात. पैशांचं गणित मान्य. पण हुए ते दा नांग एवढा टप्पा तरी रेल्वेनेच करा, अशी कळकळीची विनंती.

२००५ साली या टप्प्यातल्या हाय वान घाटाखालचा बोगदा सुरू झाल्यापासून बस त्या सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात आणि घाट दिसतच नाही. रेल्वेचा जुना मीटरगेज मार्ग मात्र डोंगराला वळसे घेत समुद्राच्या अगदी कडेने जातो. गाडी इतकी हळू चालते की खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा डोळे भरून बघता येतात. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी धरा आणि दिवसाउजेडीचीच गाडी घ्या, रात्रीची घेतलीत तर सगळं वाया! शंभरेक किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात. लागू देत.

पुढे होई आन या गावाला जायचं असेल, तर तिथे रेल्वे नाही. दा नांगला उतरून पुढे साधारण ३० किमी रस्त्याने जावं लागतं.

बाकी टप्प्यांना स्लीपर बस घेतलीत तर चढताना चपला-बूट काढून पिशवीत ठेवायचे असतात. उंच मुलांना तिथला बर्थ आखूड पडतो. पासपोर्ट आणि पैसे डिकीतल्या सॅकमध्ये अजिबात ठेवू नका, झोपतानाही अंगाजवळच हवेत. रात्रीच्या बस कधीकधी पहाटे फार लवकर पोचतात, तेव्हा हॉस्टेलला आधीच कळवून ठेवा.