पेइंग गेस्टच्या आईकडून राहण्याचे पैसे मागावेत का?

पेठेतली काकू

सदाशिव पेठेतील आमच्या तीन खोल्यांच्या घरात गेली दोन वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तीन मुली पेइंग गेस्ट म्हणून राहतात. आमचे यजमान निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या खोलीत तीन कॉट टाकल्या तर औषधपाण्याचा खर्च तरी भागेल, एवढ्याच विचाराने हे सुरू केले. भाडे वेळेवर येते, मुली सरळ आहेत आणि त्यांच्या वागणुकीवर बोट ठेवावे असे काही नाही. मला त्रास होतो तो इतक्या बारीकसारीक गोष्टींचा, की त्या बोलून दाखवल्या तर आपणच कोत्या मनाचे ठरू, या भीतीने मी दोन वर्षे गप्प आहे.

न्हाणीघर एकच आहे. आमच्या वापराची बादली दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी भिजवलेल्या कपड्यांनी भरलेली असते, आणि ते कपडे "धुतेच आहे, काकू" या आश्वासनावर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. मोरीच्या जाळीवरचे केस काढण्याचे काम कुणी न सांगता माझ्याकडे आले आहे. गावाहून आलेल्या ठेच्याच्या, चटणीच्या आणि तुपाच्या बरण्यांनी फ्रिजमध्ये अशी काही वस्ती केली आहे, की विरजणाचे भांडे ठेवायला मला जागा शोधावी लागते. आणि चहापुरते म्हणून प्रत्येकीने घेतलेले दूध तिघींचे मिळून पाव लिटर होते. लॅचची किल्ली विसरल्यामुळे रात्री सव्वाअकराला बेल वाजते, बाल्कनीत बारापर्यंत फोन चालतात. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पार्सलवाला दारात येतो. मुलगी अभ्यासिकेत, तिचा फोन बंद, आणि तो मला ओटीपी विचारतो, जणू ते आकडे माझ्या कपाळावर उमटणार आहेत. पूर्वी महिन्याला १४० युनिटच्या आसपास येणारे विजेचे बिल आता ३०० च्या घरात गेले आहे, आणि यजमानांचा सारा संशय गिझरवर आहे.

हेही एकवेळ चालवून घेतले असते. मात्र पूर्वपरीक्षेच्या वेळी बुलढाण्याच्या मुलीची आई "एका रात्रीपुरती" म्हणून आली आणि पाच रात्री राहिली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपली, माझ्या आधी उठून ओटा आवरला, दोन दिवस आम्हा सर्वांना पिठले आणि ज्वारीच्या भाकरी करून वाढल्या. अशा बाईपुढे पैशांचा शब्द कसा काढायचा? मी काढला नाही. आता लातूरच्या मुलीचा निरोप आहे, की तिचीही आई परीक्षेच्या आधी आठवडाभर येऊन राहणार आहे. एकीला फुकट ठेवून दुसरीला पैसे सांगणे मला जमणारे नाही, आणि न सांगावे तर तिसरीही मागे आहेच. यातले काय लिहून घ्यावे आणि काय गिळून टाकावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कोथरूडकर

काकू, मी चौदा वर्षे नोकरी करणारी मुले घरात ठेवत आहे. पहिल्या वर्षी मीही आपल्यासारखाच गप्प राहिलो आणि दुसऱ्या वर्षी एकदम सत्तावीस नियमांचा कागद दारामागे चिकटवला. तो कुणी वाचला नाही. एका मुलाने तर त्याच कागदावर दूधवाल्याचा हिशेब मांडला होता. आता मी सहाच गोष्टी ठरवल्या आहेत आणि त्या पहिल्या दिवशी, शक्यतो मुलाच्या वडिलांच्या देखत, चहा पिता पिता तोंडी सांगतो आणि मग कागदावर सही घेतो. क्रम महत्त्वाचा आहे: आधी बोलणे, मग कागद. उलट केले की कागद अपमानासारखा वाटतो.

बादलीसाठी नियम करू नका, बादल्या विकत आणा. प्रत्येकीची वेगळ्या रंगाची बादली आणि तुमची वेगळी, एवढ्यावर माझ्याकडील निम्मी भांडणे मिटली. फ्रिजमधला एक कप्पा त्यांचा, बाकीचे तुमचे. बरणी कप्प्याबाहेर दिसली तर ती बाहेर काढून ओट्यावर ठेवायची, बोलायचे काहीच नाही. दुधाच्या बाबतीत मात्र मी सांगेन, की ते सरळ बंद करा आणि त्यांना त्यांची पिशवी लावून द्या, कारण चहापुरत्या दुधाचा हिशेब मागण्याइतके अवघड काम जगात दुसरे नाही. हरवलेल्या किल्लीचे पैसे घ्यावेत आणि विसरलेल्या किल्लीबद्दल एक मिस्ड कॉल देऊन खाली थांबायला सांगावे. बेल वाजवायची नाही.

पाहुण्यांबाबत माझा नियम असा आहे, की दोन रात्री मोफत आणि तिसऱ्या रात्रीपासून ठरलेली रक्कम, आई असो वा भाऊ. आपण गेल्या वेळचे पैसे सोडून दिलेत ते योग्यच केलेत, कारण तेव्हा नियम नव्हता. नवा नियम पुढच्या तारखेपासून तिघींना एकत्र बसवून सांगा, म्हणजे लातूर आणि बुलढाणा असा भेद राहणार नाही.

स्पष्टवक्ता

दुसऱ्याचे पैसे हवेत आणि दुसऱ्याचे केस मात्र जाळीवर नकोत, असे कसे चालेल? जमत नसेल तर ठेवू नये.

वीजमीटर

वरील प्रतिसादाकडे दुर्लक्ष करून मी बिलाकडे वळतो, कारण तेथे निरपराध गिझरला आरोपी केले गेले आहे. वीस लिटरच्या बादलीभर पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.३५ युनिट वीज लागते. तीन मुलींच्या तीन बादल्या धरल्या तर रोज एक युनिटच्या थोडे वर, म्हणजे महिन्याला ३० ते ३५ युनिट होतात. न्हाण्याच्या दिवशी दुप्पट पाणी लागते हे मान्य करूनही आकडा वाढलेल्या १६० युनिटांवर जात नाही. साठवणीच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे पाणी तापले की तो आपोआप बंद होतो आणि बटण चालू राहिले तरी केवळ टाकी निवत जाईल तेवढीच वीज खर्च होते. बटण विसरण्याची सवय चांगली नव्हेच, परंतु यजमानांना वाटते तेवढी ती महागही नाही.

खरा खर्च पाहा. जुना छताचा पंखा ७५ वॅटचा असतो आणि तो वीस तास फिरला तर रोज दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट होतात. मुली अभ्यासिकेत असताना खोलीतला पंखा फिरत असतो का, हे एक आठवडा पाहून सांगावे. माझी पैज आहे की असतो. तीन लॅपटॉप रोज सहा तास चालले तर महिन्याचे पंचवीसेक युनिट, तिघींची हजार वॅटची इस्त्री रोज वीस-वीस मिनिटे चालली तर ३० युनिट, आणि चहाच्या विजेच्या किटलीचे पंधरा-वीस धरले की आपला हिशेब जवळजवळ पुरा होतो.

दुसरी बाब टप्प्यांची. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा आणि ३०० च्या पुढे आणखी चढा, अशी रचना आहे. म्हणून त्यांच्या खोलीला सबमीटर बसवला तरी सरासरी दराने पैसे घेतल्यास तोटा तुमचाच होतो, कारण चढ्या टप्प्यात बिल त्यांच्या वापरामुळे गेलेले असते. पूर्वीच्या १४० युनिटांचे आजच्या दराने जे बिल झाले असते ते तुमचे आणि उरलेली रक्कम तिघींची, अशी विभागणी मला न्याय्य वाटते. बिल फ्रिजच्या दारावर लावून ठेवावे, म्हणजे कुणाला शंका राहत नाही.

माजी पेइंग गेस्ट

मी अंबाजोगाईची. नवी पेठेत तीन वर्षे एका काकूंकडे राहिले, तेव्हा दुसरी बाजू थोडी मांडते.

आमच्या काकू कधीही काही बोलत नसत. त्या चिठ्ठ्या लावत. "गरम पाणी ६.३० पर्यंतच", "केस स्वतःचे स्वतः उचलणे", "दूध मोजलेले आहे". चिठ्ठीला उत्तर देता येत नाही, त्यामुळे रोज सकाळी न्हाणीघरात जाताना परीक्षेला बसल्यासारखे वाटे. त्यांनी एकदा समोर बसवून दोन शब्द रागावून सांगितले असते, तर आम्ही खजील होऊन सुधारलो असतो. तुमच्या मुलींना जाळीवरच्या केसांचा तुम्हाला त्रास होतो हे बहुधा ठाऊकच नाही, कारण त्या जातात तेव्हा जाळी स्वच्छ असते. आठवडा वाटून द्या. जाता जाता कचऱ्याबद्दलही सांगते, कारण ते कुणी बोलत नाही: वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करावा, असे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई पुण्यात सांगत आल्या आहेत, आणि हे नव्या मुलीला पहिल्या दिवशी एखाद्या बाईनेच सांगायला हवे.

रात्रीच्या फोनबद्दल थोडी सबुरी ठेवावी ही विनंती. माझे वडील दुकान बंद करून, जेवून साडेदहाला मोकळे होत, आणि तिघींच्या खोलीत रडायला जागा नसते, बाल्कनी असते. मात्र अकरानंतर जिन्यात किंवा गच्चीवर जा, असे सांगितलेत तर त्यात काही गैर नाही. ओटीपीचा उपाय सोपा आहे: पार्सल अभ्यासिकेच्या पत्त्यावर मागवायचे किंवा संध्याकाळची वेळ निवडायची, आणि दुपारी दार उघडले जाणार नाही हे तुम्ही ठामपणे सांगायचे.

आता आईचे. माझी आई आली होती तेव्हा दहा किलो ज्वारी आणि पाच किलो तूरडाळ घेऊन एसटीने आली होती. चार दिवस ती एका जागी बसली नाही, कारण आपण फुकट राहत आहोत हे तिला क्षणभरही विसरता येत नव्हते. काकूंच्या घरची भांडीसुद्धा तिने घासली. परतताना स्वारगेटवर मला म्हणाली, की "त्या बाईंनी काय ते पैसे सांगितले असते तर मी निवांत झोपले असते." बुलढाण्याच्या आईने पहाटे उठून तुमचा ओटा का आवरला असेल, याचा एकदा या बाजूने विचार करून पाहा.

करारवाले

कायदेशीर बाब थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्याच दिलेली आहे: घरमालक स्वतः राहत असलेल्या जागेचा काही भाग ज्या कुटुंबाबाहेरील व्यक्तीला परवान्याने दिला जातो ती व्यक्ती. म्हणजे परवाना त्या मुलीला आहे, तिच्या आईला नाही. हा करार लेखी असणे आणि नोंदवणे याच कायद्याच्या कलम ५५ नुसार बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. "घरातलेच तर आहे" म्हणून पेठांमध्ये अनेक जण ती टाळतात, आणि मग अनामत रकमेवरून वाद झाला की हातात काहीच नसते. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्याच्या साधारण पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, एवढाच मुख्य खर्च आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. राहणाऱ्यांची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्यावी, तीही प्रत्येकीची स्वतंत्र. करारात मुक्कामी पाहुण्यांचे एक कलम घाला: किती रात्री, आधी किती दिवस कळवायचे आणि रक्कम किती. कागदावर असले की तोंडाने मागण्याचा संकोच कमी होतो.

पेठेतली काकू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

रविवारी सकाळी पोहे करून तिघींना समोर बसवले. बोलताना माझाच आवाज कापत होता, त्यांचा नाही. केसांचा विषय काढल्यावर तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि बुलढाण्याची म्हणाली, "आम्हाला वाटायचे की कामवाल्या मावशी काढतात." मावशी दोन वर्षांपूर्वीच काम सोडून गेल्या आहेत. पंख्याची पैज वीजमीटर जिंकले. यजमानांनी सहा दिवस टिपण ठेवले आणि त्यांतले पाच दिवस पंखा रिकाम्या कॉटवर वारा घालत होता. गिझरची त्यांनी अजून माफी मागितलेली नाही.

पाहुण्यांसाठी दोन रात्री मोफत आणि पुढे चहा-नाश्त्यासह रात्रीचे १५० रुपये, असे ठरवले. लातूरच्या मुलीने माझ्यासमोरच आईला फोन लावला. पलीकडून आधी थोडी शांतता होती आणि मग त्यांनी विचारले, की जेवण धरले तर किती होतील. म्हणजे पिठल्याची जबाबदारी आता माझ्याकडे आली. बुलढाण्याच्या आईकडून मागचे काहीही घ्यायचे नाही, हे मी पक्के केले आहे. ज्वारीचे पोते मात्र तिने परवाच एसटीने धाडले आहे आणि ते दुसऱ्या मजल्यावर चढवायला यजमानांना दोनदा बसावे लागले.

तुळशीबागेतून तीन रंगांच्या तीन बादल्या आणल्या. हिरव्या बादलीत कालपासून कपडे भिजत पडले आहेत. निदान ती आमची नाही.