अनुभव धागा : दुबईचा अभ्यासदौरा, बंदर ते बाजार

सांगली, मिरज, तासगावकडच्या एमबीए-बीबीएच्या मुलांसाठी हा धागा. दौऱ्यात उंच इमारती सगळेच बघतात. शिकण्याचा खरा दिवस एकच, सकाळी जेबेल अली बंदर आणि संध्याकाळी देरा या जुन्या भागातला मसाल्याचा बाजार. त्या दिवसाबद्दल माहीतगारांनी नेमकं लिहावं. हकिकती नकोत.

मिरजेहून
आधी बॅग. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थात धरतात. सुटी खसखस कुणी नेत नाही. पण घरच्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा ती असते, अनारशाला तर वरूनच लावलेली असते. डबा भरायच्या आधी आईला सांगून ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल यांना आगाऊ परवानगी लागते. इतर औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. प्लग चौकोनी तीन पिनांचा. घड्याळ आपल्या दीड तास मागे.

विश्रामबागहून
बंदरात जाणाऱ्यांच्या यादीतलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, इथेच घोळ होतो. पायात बंद बूट. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

जेबेल अली १९७९ चं, त्याला लागून असलेलं मुक्त व्यापार क्षेत्र १९८५ चं. बंदर आणि गोदामं शेजारी का ठेवली, हे तिथे उभं राहून विचारा. आलेला माल मुक्त क्षेत्रात ठेवून, पुन्हा पॅक करून तिसऱ्या देशात पाठवला तर अमिरातीचं आयातशुल्क लागत नाही. सगळी गंमत त्यात आहे.

डेमरेज आणि डिटेन्शन हे दोन शब्द जाण्याआधीच पक्के करा. दोन्ही उशिराचे आकार. भरलेला कंटेनर मोफत दिवसांपेक्षा जास्त बंदरात पडून राहिला तर डेमरेज. बाहेर नेलेला वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. द्राक्षाचा रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर शून्य अंशाच्या आसपास ठेवावा लागतो, त्यामुळे बंदरात विजेच्या जोडणीचे पैसे वेगळे. कागद अडकले की तिन्ही बाजूंनी मीटर पळतं.

तासगावहून
आपल्या बेदाण्याचा हिशेब वहीत मांडूनच निघा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. त्यावर डिपिंग ऑइल (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या द्रावणातलं तेल), शेडवरची मजुरी, शीतगृहाचं भाडं, अडत, पॅकिंग, वाहतूक. हा आकडा हाताशी नसेल तर तिकडच्या व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाला काही अर्थ नाही.

चलनाचं लक्षात घ्या. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम हा दर १९९७ पासून बांधलेला आहे. सौदा डॉलरमध्ये झाला तर दुबईच्या खरेदीदाराला विनिमयाची जोखीम जवळपास नाही, ती सगळी तासगावच्या विकणाऱ्यावर येते. ‘भाव ठरल्यापासून पैसे येईपर्यंत किती दिवस?’ हा प्रश्न त्यासाठीच विचारायचा.

भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. सवलत आपोआप मिळत नाही. मालासोबत उगमाचं प्रमाणपत्र लागतं. ते कोण काढतं, हे सांगलीतच निर्यातदाराकडे विचारून जा.

मार्केट यार्डाजवळून
मसाल्याच्या बाजाराला मेट्रोच्या हिरव्या मार्गावर अल रास स्थानक. हळकुंड दिसलं की मूळ गाव विचारा, देश नव्हे. नीट शिजवून वाळवलेलं हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो, ओलसर असेल तर नुसतं वाकतं. मात्र दुकानदाराला विचारूनच मोडा. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे पोत्यावर, पाकिटावर ‘सांगली’ हे नाव येतं की नुसतं ‘इंडिया’, एवढं टिपलंत तरी प्रकल्प अहवालाचं एक प्रकरण होतं. हरिपूरच्या पेवांपासून (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांपासून) तिथल्या बरणीपर्यंत नाव कुठे गळतं, हे शोधण्यासारखं आहे.

कुपवाडहून
शुक्रवारी सरकारी कार्यालयं दुपारी बाराला बंद होतात. भेटी सोमवार ते गुरुवार ठेवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामं कायद्याने बंद, तेव्हा बांधकामाची साइट बघायला मिळत नाही. मेट्रोत खाणं, पाणी पिणं, च्युइंगम, सगळ्याला दंड. महिलांच्या डब्यात मुलांनी चढू नये, तिथेही दंड.

पुन्हा मिरजेहून
बर दुबईहून देऱ्याला जाताना आब्रा होडीने खाडी ओलांडा, एक दिरहॅम. सुटं नाणं हातात ठेवा.