मदत हवी आहे: बाळाचं वजन रोज उतरतंय, तरी सलाईन वाढवत नाहीत

चिंतातुर_बाबा: बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. वजन रोज उतरतंय. डॉक्टर म्हणतात, एवढं उतरणारच, सलाईन आणखी वाढवायचं नाही. पंपावर तासाला ३.४ मिली दिसतं. एवढ्याशा पाण्यावर जीव कसा तगायचा? दुसरीकडे हलवू का? लवकर सांगा, संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

नदीकाठ: किती आठवड्यांचं? जन्माचं वजन? कितवा दिवस? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

चिंतातुर_बाबा: २६ आठवडे. ८२० ग्रॅम होता, आज ७३०. चौथा दिवस.

रात्रपाळी: मी एनआयसीयूत सिस्टर आहे. ३.४ म्हणजे दिवसाला ८२ मिली, जन्मवजनाच्या हिशेबानं किलोमागे १००. हे कमी नाही, दादा. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या अंगात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यातलं जास्तीचं पहिल्या आठवड्यात उतरावंच लागतं. १० ते १५ टक्के घट धरलेली असते, तुमची ११ आहे. रक्तातलं सोडियम किती आणि शू किती होते, ते विचारा. बाळ काचेच्या बंद पेटीत (इन्क्युबेटर) आहे की वॉर्मरवर, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या उघड्या पलंगावर?

कोल्हापूरचा_मामा: आमच्या भाचीचं वजन उतरलं तसं लगेच सलाईन वाढवलं होतं. पोरगी आज चौथीत आहे. जरा जोर लावून सांगा डॉक्टरांना.

रात्रपाळी: मामा, ती उघड्या वॉर्मरवर होती का? तिथे कातडीतून भराभर पाणी उडतं, मग जास्त द्यावंच लागतं. पण गरजेपेक्षा जास्त गेलं तर हृदयाजवळची डक्टस नावाची नळी बंद व्हायची राहते, फुप्फुसं ओली होतात, व्हेंटिलेटर सुटत नाही. हे जोर लावून ठरवायचं नसतं.

कोल्हापूरचा_मामा: वॉर्मरच होता. पण आमचा अनुभव खोटा नाही.

सांजवात: खोबरेल तेल चोळा, पाणी आत राहतं. आमच्या आजीनं असंच वाचवलं होतं.

नदीकाठ: ताई, या बाळांची चिकटपट्टी काढताना साल निघते. चोळायचं कुठे? डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका.

उंबरठा: डोळ्यांचं विसरू नका. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या पडद्याची तपासणी दोन-तीन आठवड्यांतच करायची असते. आमची राहिली होती, फार धावपळ झाली.

चिंतातुर_बाबा: पेटीतच आहे. काचेला आतून थेंब जमतात, मला वाटलं मशीन बिघडलं. सोडियम काल १५२, आज १४८. नॅपी काट्यावर ठेवून वजन लिहितात, कशाला ते कळत नाही. सकाळपासून काविळीसाठी निळा लाईट लावलाय.

रात्रपाळी: बिघाड नाही. कातडीतून पाणी उडू नये म्हणून आत दमटपणा मुद्दाम ७०-८० टक्के ठेवतात, त्याचे ते थेंब. नॅपीतला एक ग्रॅम म्हणजे एक मिली शू, तो हिशेब चाललाय. किलोमागे तासाला १ मिलीच्या खाली सतत राहिली तर काळजी. काल १५२ म्हणजे पाणी कमी पडत होतं. आज उतरलंय म्हणजे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघतंय. निळ्या लाईटखाली पाणी थोडं जास्त उडू शकतं, ते धरलंय का एवढं विचारा. आणि या दिवसांत अँब्युलन्समध्ये थंडी लागणं, नळी सरकणं, धक्के बसणं, सगळंच जोखमीचं.

चिंतातुर_बाबा: विचारून आलो. काल ३ होतं, सोडियम बघून ३.४ केलं. रात्री परत तपासणार, मग ठरवणार. शू किलोमागे तासाला २ मिली. हलवत नाही. आईचं दूध नळीतून दर दोन तासांनी १ मिली देतात, तेही दिवसाच्या पाण्याच्या हिशेबातच धरतात का?

रात्रपाळी: काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी पहिले काही दिवस नाही. पेटीला लावलेला तक्ता सिस्टरकडून समजून घ्या, त्यात दुधाची ओळ वेगळी असते.