काकूला गर्भाशयाची पिशवी काढायला सांगितलीय, अंबाजोगाईला दाखवावं का?

धारूरचा_पोरगा
बीड जिल्ह्यातलं कोणी असेल तर लवकर सांगा. माझी काकू ३४ वर्षांची. काका-काकू कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, यंदाही दिवाळी झाली की गाडी निघणार. मागच्या हंगामापासून काकूच्या अंगावरून पांढरं जातंय, पाळीला लई त्रास, कंबर धरून बसते. एका खासगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी केली आणि 'पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल' म्हणाले. खर्च चाळीस हजार. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाढवून द्यायला तयार आहे, त्यामुळं काकांनी होकार दिलाय. मला पटत नाही, पण घरात माझं कोण ऐकतंय. दुसरीकडं कुठं दाखवावं? बाई डॉक्टर असतील तर बरं, पुरुष डॉक्टरांपुढं ती तोंडच उघडत नाही.

आशाताई_केज
भाऊ, आधी काकांना थांबवा. उचल घेतली की ती फेडायला काकूलाच टाके वाळायच्या आत फडात उभं राहावं लागेल, आणि बसली तर खाडा, म्हणजे दंड. मी हे घरोघरी बघितलंय.

पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं आणि गोळ्या-औषधानं बरं होतं. कधी कधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, ते पूर्ण घ्यायचं. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचं कापड धुवून उन्हात वाळवायला जागा नाही. आजार तिथून येतो. नुसती 'सूज' आहे म्हणून ३४ व्या वर्षी पिशवी काढत नसतात. कॅन्सरची खरंच शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. ते काही केलंय का, विचारा.

आणखी एक. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांची समिती बसली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. त्या डॉक्टरांना सरळ विचारा, परवानगीचा कागद कुठंय?

दाखवायला अंबाजोगाईचं स्वाराती, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालय. स्त्रीरोगाच्या ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावा. शिकाऊ डॉक्टर मुली पुष्कळ असतात, 'बाई डॉक्टरच पाहिजे' म्हणायला लाजू नका.

लातूरकर_७
ताईंशी सहमत. फक्त पैशाचं नीट समजून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथं केसपेपरपासून सगळं मोफत आहे. स्वाराती किंवा संभाजीनगरची घाटी ही वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालयं, तिथं तो निर्णय लागू नाही. केसपेपरचे, तपासणीचे थोडे पैसे लागतील. खासगीच्या मानानं काहीच नाहीत, पण खिशात असू द्या.

ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवायच्या असतात. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा अधीक्षकांना गाठायचं आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुढं करायचा.

सिस्टर_परभणी
एक बाजू राहिली. सगळ्याच पिशव्या विनाकारण काढतात असं नाही. मोठी गाठ असते, रक्तस्राव थांबत नाही, हिमोग्लोबिन पार खाली येतं, तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं. स्वारातीतल्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं तर घाबरून घरी आणू नका, तिथंच करून घ्या. काढायची वेळ आलीच तर अंडाशय ठेवणार का, हे विचारा. या वयात तेही काढलं तर पाळी गेल्यासारखं होतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. मोळी उचलणाऱ्या बाईला ते फार जड जातं.

धारूरचा_पोरगा
ताई, सिस्टर, खूप आधार वाटला. काकांना हा धागाच वाचून दाखवला, परवानगीचं ऐकून ते गप्प झाले. अडचण अशी की रेशनकार्डात काकूचं नाव नाही, माहेरच्याच कार्डात राहिलंय. मोफत उपचाराची महात्मा फुले योजना मिळेल का?

आशाताई_केज
तपासणीला रेशनकार्ड लागत नाही, त्यासाठी थांबू नका. भरती व्हायची वेळ आली तर लागेल, म्हणून माहेरच्या कार्डातून नाव कमी करून तुमच्या कार्डात घालायचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत आजच टाका. तोवर माहेरच्या कार्डाची झेरॉक्स आणि आधार जवळ ठेवा. दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला दोन्ही दाखवून विचारा. आता पांढऱ्या कार्डालाही योजना आहे, त्यामुळं कार्डाच्या रंगाची काळजी सोडा. शंका आली तर १५५३८८ ला फोन लावा.

सोनोग्राफीचा कागद आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गावातल्या आशा सेविकेला बरोबर घ्या, काकू तिच्याजवळ मोकळं बोलेल. आणि काही झालं तरी गाडी निघायच्या आत दाखवा. एकदा कर्नाटकात गेले की पाडव्यापर्यंत कोणी दवाखान्यात नेणार नाही.