जुन्या माउंटन बाइकचा पुढचा फोर्क बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न (खानापूर): माझ्या २६ इंची चाकांच्या जुन्या सायकलीचा ८० मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा) स्प्रिंगवाला फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) जांबोटीकडच्या खडबडीत वाटांवर आता जवळजवळ दबतच नाही. कमी खर्चात हवेचा (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर चालणारा) फोर्क बसवता येईल काय?

उत्तर (बेळगाव): आधी स्टिअरर ट्यूब (फोर्कची फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाणारी नळी) मोजावी. जुन्या फ्रेमना ती बहुधा वरपासून खालपर्यंत सरळ, २८.६ मिलिमीटर व्यासाची लागते, तर हल्लीचे पुष्कळ फोर्क खाली रुंद होणारे असतात आणि ते अशा हेड ट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या नळीत) बसत नाहीत. वापरलेला फोर्क घेताना स्टिअरर आखूड कापलेली नाही ना, हे अवश्य पाहावे. लांब असल्यास कापता येते, आखूड असल्यास पैसे पाण्यात. तुमचे ब्रेक रिमवरचे असतील, तर फोर्कवर त्यांच्या खुंट्या हव्यात. ट्रॅव्हल १०० मिलिमीटरपर्यंत वाढवणे ठीक. त्याहून उंच फोर्कने पुढचा भाग उचलला जाऊन चढावर हँडल भरकटते आणि फ्रेमवर ताणही वाढतो.

उत्तर (निपाणी): मी मात्र आधी सर्व्हिसिंगच करीन. खालचे बोल्ट काढून फोर्कचे पाय (खालच्या, बाहेरच्या नळ्या) उतरवावेत, जुने घट्ट झालेले ग्रीस पुसून सस्पेन्शनचे ग्रीस लावावे व सील (धूळ-पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलावेत. आतल्या नळ्यांना गंजाचे खड्डे पडले असतील, तरच नवा फोर्क घ्यावा.

प्रश्नकर्ता: काल फोर्क उघडला. आत लाल चिखलच होता, नळ्या मात्र गुळगुळीत आहेत. सील मागवले आहेत.