केमोच्या ओकाऱ्यांवर गांजासारखी कारखान्यातली गोळी: तालुक्यात यावी का?

दिग्रसकर:
मायच्या केमोची चौथी खेप झाली. दर एकवीस दिवसांनी नागपूरले जाऊन राहिलो. परतीच्या एसटीत माय मांडीवर पिशवी धरून बसते, मंग दोन दिवस पाणीबी पोटात ठरत नाही. ओकारी थांबवायची नेहमीची औषधं, ऑन्डान्सेट्रॉन झालं, डेक्झामेथासोन झालं. आता नॅबिलोन नावाच्या गोळीबद्दल वाचलं. काम टीएचसीसारखं, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकासारखं करते, पण झाडातून काढत नाहीत, प्रयोगशाळेत बनवतात. अमेरिकेनं १९८५ लेच मंजूर केली, तीबी याच कामासाठी: नेहमीच्या औषधांनी केमोची ओकारी थांबली नाही त द्यायची. त्याच साली आपल्याकडं अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आला. गावात नाव काढलं त लोक म्हणतात, म्हातारीले गांजा चारतं काय? महाशिवरात्रीले भांग चालते, अन् माय ओकून ओकून वाळली तरी हे काहून नाही? तालुक्याच्या दवाखान्यात ही गोळी पाह्यजेच.

वरूडची नर्स:
दादा, मायची तगमग समजते, तरी माझा विरोध आहे. या गोळीनं गरगरतं, गुंगी येते, उठताना रक्तदाब उतरतो, म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होतो. रात्री आई परसाकडे उठली अन् पडली तर? मांडीचं हाड मोडलं की केमोच थांबते. आणि ओलान्झापिन देऊन पाहिलं का? मूळची मानसिक आजाराची गोळी, पण रात्री कमी डोसमध्ये दिली तर केमोची मळमळ चांगली आवरते. स्वस्तही आहे. डॉक्टरांना विचारा, मनानं सुरू करू नका.

दर्यापूरचा मास्तर:
माझा विरोध वेगळ्या कारणानं. नशेसाठी ओढायच्या 'स्पाइस' नावाच्या पुड्यांत हेच रसायन होतं ना? पोरं झटके येऊन दवाखान्यात गेली. असलं काही गावात नको.

औषधशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती:
सर, ते रसायन वेगळं. मेंदूतल्या पेशींवर सीबी१ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात, असे पदार्थ त्यांना चिकटूनच काम करतात. टीएचसी त्यांना अर्धवट चेतवतं. पुड्यांमधलं जेडब्ल्यूएच-०१८ नावाचं रसायन पूर्ण चेतवतं, आणि सुकलेल्या पाल्यावर फवारताना कुठं किती पडलं याचा हिशोबच नसतो. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जॉन हफमन यांनी ते संशोधनासाठी बनवलं होतं, ओढायला नव्हे. नॅबिलोनची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली असते. आपलं शरीरही हे ग्राहक चेतवणारा पदार्थ बनवतं. १९९२ साली तो सापडला, तेव्हा आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याला आनंदामाइड नाव दिलं.

पण दिग्रसकर दादा, मंजुरी मिळाली म्हणजे भागलं असं नाही. हेच ग्राहक अडवणारी रिमोनाबँट नावाची गोळी वजन उतरवायला युरोपात २००६ मध्ये मंजूर झाली. लोकांना नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, आणि २००८ मध्ये तिची विक्री थांबवली. या ग्राहकांना हात लावला की मनावरही परिणाम होतो. आपल्या भागात, जिथं घराघरात कर्जाचा घोर आहे, तिथं हे आधी विचारात घ्यायला हवं.

दिग्रसकर:
ताई, मंगळवारी ओलान्झापिनचं विचारतो. पण लक्ष ठेवायले कोणी नाही म्हणून औषधच नाही, हे मले पटत नाही. शेजारचे काका हाडाच्या कॅन्सरनं रात्रभर बोंबलत गेले. तालुक्यात एकाही मेडिकलात मॉर्फिन नव्हतं. मॉर्फिन सोपं व्हावं म्हणून २०१४ ले कायदा बदलला, तरी आमच्यापर्यंत काही आलं नाही. नॅबिलोनचंबी तसंच होईन.

वरूडची नर्स:
मॉर्फिनचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. त्यासाठी अर्ज करा, सही मी करते. नॅबिलोनला मात्र अजून नाहीच म्हणेन. आणि ओलान्झापिननंही गुंगी येते. पहिल्या रात्री आईजवळच झोपा, उठली की हात धरा.